प्रलय, पाचव्या ग्रेडसाठी

पियानोच्या क्लासात मुलं चौथ्या-पाचव्या ग्रेडला पोचली की एक तक्रार हटकून येते : ‘फ्यूर एलीझ’ आता पुरे. त्यांच्या शेजाऱ्यांचंही तेच म्हणणं असतं. मग पुढे द्यायचं काय? मी स्क्रियाबिन सुचवतो. पालकांना हे अँटिबायोटिक वाटतं आणि ते विचारतात, जेवणाआधी की नंतर? ज्या शिक्षकांना नाव माहीत असतं, ते काही विचारत नाहीत, नुसते काळजीने बघतात.

त्यांचंही चुकत नाही. अलेक्झांडर स्क्रियाबिन हे मॉस्कोचे, जन्म 1872. या गृहस्थांच्या मनात एक बेत होता : हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस सोहळा करायचा. त्यात संगीत, नृत्य, सुगंध, प्रकाश, घंटा सगळं असेल आणि शेवटी मानवजात परमानंदात विलीन होईल. या भारतवारीसाठी त्यांनी लंडनमध्ये उन्हाची टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती. जग बुडालं तरी चालेल, ऊन लागता कामा नये! पण 1915मध्ये ओठावरच्या साध्या फोडाचं विष रक्तात भिनलं आणि वयाच्या 43व्या वर्षी ते गेले. प्रलय राहिला तो राहिलाच.

अशा माणसाचं संगीत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना द्यायचं? सहाव्या सोनाटात त्यांनी मध्येच ‘भीती उसळून येते’ अशा अर्थाची फ्रेंच सूचना लिहिली आहे. हा सोनाटा लोकांसमोर वाजवायला ते स्वतःच कचरत. नवव्याला तर ‘ब्लॅक मास’ हेच नाव पडलं.

पण गंमत अशी, की या माणसाचे हात लहान होते. सहाध्यायी रॅखमानिनॉफ यांच्या भल्याथोरल्या पंज्यापुढे यांचा हात जेमतेम नऊ पट्ट्यांवर पोचायचा. विद्यार्थिदशेत लिस्ट आणि बालाकिरेव्ह यांच्या राक्षसी रचना घोटून घोटून त्यांनी उजवा हात दुखावून घेतला. मग डाव्या हातावर मेहनत केली आणि 1894मध्ये एकट्या डाव्या हातासाठी प्रेल्यूड आणि नॉक्टर्न लिहिले : ऑपस 9. विद्यार्थ्यांना हे कळलं की त्यांचे डोळे चमकतात. एकच हात म्हणजे सराव निम्मा! पहिलं पान उघडलं की चमक जाते. दोन हातांचं काम एकाला करावं लागतं, हे घरच्या आईला विचारलं असतं तरी कळलं असतं.

तेव्हा शोध घ्यायचा तो ऑपस 11मध्ये. शोपँच्या धर्तीवर लिहिलेले हे 24 प्रेल्यूड 1888 ते 1896 या काळातले. सगळे सोपे नाहीत. काही पानं बघूनच मनगट दुखतं. पण ई मायनरमधला चौथा अगदी आपल्या मुलांसाठी असावा असा. संथ, छोटा, आणि लिहिला तेव्हा स्क्रियाबिन स्वतः सोळाचे होते. त्यात चाल डाव्या हाताकडे आहे, उजव्याने वर हलके कॉर्ड धरायचे. जन्मभर साथीला बसलेल्या तबलजीला अचानक ‘आता तुम्हीच गा’ म्हणावं, तसा डावा हात पहिल्या दिवशी बावरतो. उजवा मात्र सवयीने पुढे पुढे करतो. त्याला दाबून ठेवणं हाच खरा धडा.

तो जमला की ऑपस 16मधला चौथा. एकच पान, पण सुरुवातीला सहा फ्लॅट बघून मुलं पान उलटं तर धरलं नाही ना, हे तपासतात. प्रत्यक्षात काळ्या पट्ट्यांवर बोटं छान बसतात.

तालाचं मात्र भांडण होतं. स्क्रियाबिन यांनी 1910मध्ये वेल्टे कंपनीच्या यंत्रासाठी काही रचना वाजवल्या. त्या ऐकल्या तर लय कधी ताणलेली, कधी पळालेली. एका विद्यार्थ्याने हा पुरावा माझ्यापुढे ठेवला. “सर, तेही ताल सोडतात!” म्हटलं, “बाबा रे, सोडायला आधी हातात असावा लागतो.”

आणि लहान म्हणजे सोपं, या भ्रमात राहू नका. 1914चे ऑपस 74चे पाच प्रेल्यूड पानापानाचे आहेत, पण ऐकताना जमीन कुठे आहे ते सापडत नाही. त्यातल्या चौथ्यावर ‘सावकाश, धूसर, अनिश्चित’ अशी फ्रेंच सूचना आहे. माझे काही विद्यार्थी ती न वाचता पाळतात, आणि तीही बाखमध्ये.

तर शिक्षकहो, परीक्षेच्या यादीत नाव येण्याची वाट बघू नका. या महिन्यात एका तरी मुलाला ऑपस 11चा चौथा द्या. पाचव्या सोनाटापासून पुढचं सगळं मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर, मुलांचे हात पोचणार नाहीत असं ठेवा.