सहा गैरहजर कोअर

आभासी संगणकास ८ प्रोसेसर बहाल करूनही विंडोज १० प्रो त्यांतील दोघांचीच हजेरी मांडते, अशी तक्रार करणाऱ्यांस राज्यकारभाराची जाण नाही, असे खेदाने म्हणावे लागते. हायपरवायझरने प्रत्येक कोअर स्वतंत्र सॉकेटच्या नावे दाखल केला असता, परवान्यात दोनच सॉकेट मंजूर असल्यामुळे, उरलेल्या सहांनी अंगी पूर्ण सामर्थ्य असूनही दप्तरी अस्तित्वात नसणे हीच खरी कायदेनिष्ठा होय. हेच तत्त्व शिरगणतीस लावून मंजूर संख्येपलीकडील प्रजा अजन्मी ठरविली, तर धान्यटंचाई दुपारपर्यंत निवारेल. उपाय म्हणाल, तर यंत्र बंद करून ‘८ सॉकेट’ खोडावे आणि ‘१ सॉकेट, ८ कोअर’ असे लिहावे; सहाही बेपत्ता इसम तत्काळ रुजू होतात, आणि मागील पगार मागत नाहीत.