डोळ्यांत धूळ, तीही तिकीट लावून

कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमधला राजवाडा जेमतेम ७७ फूट उंच. पण वर वर जाताना त्याचे दगड लहान होत जातात, म्हणून तो उंच भासतो, आणि बघणाऱ्याची मान आपसूक मागे कलते. आतल्या मेन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या दुकानांचे वरचे मजलेही असेच आखूड. नको ती दारं-खांब मळकट हिरव्या रंगात रंगवले, की समोर असून दिसत नाहीत. यंत्रातून व्हॅनिलाचा वास सुटतो. नाक पोटाला कळवतं, पोट पाकिटाला. रांगेला इतकी वळणं देतात की तिची लांबी कळूच नये. पंचेंद्रियांची अशी चोख बडदास्त! शुद्धीवर असतो तो फक्त खिसा, आणि त्याला विचारतो कोण? तक्रारही कुणाची नाही. फसवून घ्यायचे पैसे आगाऊ भरलेले असतात ना!