मुळासकट बरा करणाऱ्यांना खुले पत्र

'सोरायसिस मुळासकट बरा, शंभर टक्के गॅरंटी' असा बोर्ड लावून बसलेल्या वैद्यराजांना,

सप्रेम नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

पुणे-बंगळूर हायवेनं शिरवळला उतरलं की तुमची गाठ पडतेच. थांब्यामागच्या भिंतीवर तुम्ही, टपरीच्या पत्र्यावर तुम्ही, विजेच्या खांबावर तुम्ही. मोबाइल नंबर ठळक, नाव अर्धवट आणि नोंदणी क्रमांकाचा पत्ता नाही. माझा थोरला भाऊ त्या नंबरावर फोन करून तुमच्याकडे आला होता. इथल्याच एमआयडीसीत कामाला आहे तो. कोपर, गुडघे, डोकं, सगळीकडे पांढरे पोपडे धरलेले. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. वहिनीला दिसू नये म्हणून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणातला कोंडा स्वतः झाडून काढायचा. कँटीनमध्ये शेजारचा माणूस ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला, तेव्हापासून दादा पाठ फिरवून एकटाच जेवायला लागला. असा माणूस तुमच्या खुर्चीत येऊन बसला आणि तुम्ही त्याची नाडी पाहायच्या आधी त्याची नड पाहिलीत.

तुम्ही दिलंत काय? वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या आणि बिनलेबलची मलमाची डबी. ना घटक, ना तारीख, ना पावती. चट्टे विरले हे खरं. आईनं देवापुढं पेढे ठेवले. दादाचा चेहरा गोल दिसायला लागला, भूक वाढली. आम्हाला वाटलं, औषध अंगी लागलं. पुड्या संपल्या आणि सगळं दुपटीनं उसळलं. अशा बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, हे त्वचारोगतज्ज्ञ कधीपासून कानीकपाळी ओरडून सांगत आहेत. पोटात गेलेलं स्टेरॉइड सोरायसिस दाबून टाकतं. ते अचानक थांबलं की आजार उलटतो. कुणाचं अख्खं अंग लालबुंद होतं, कुणाला पुवाचे फोड येतात, आणि पेशंटला दवाखान्यात भरती करावं लागतं. हे तुम्हाला माहीत नसेल तर औषध द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. माहीत असेल तर तुम्ही गुन्हेगार आहात.

पुड्यांचं विष उतरलं तरी तुमच्या बोलण्याचं उतरलं नाही. 'पथ्य मोडलं असणार,' म्हणालात. दादानं मीठ कमी केलं होतं, दूध, वांगं, आंबट सगळं सोडलं होतं, जत्रेतल्या पंगतीत तो नुसता बसून आला होता. तरीही दोष त्याच्याच माथी! गुण आला तर तुमच्या हाताला यश, नाही आला तर पेशंटचं पाप. हे ऐकून ऐकून दादाला पटलं की आपलंच काहीतरी चुकतंय, आपल्यामुळेच घराला भोग लागलाय. त्याची झोप उडाली. बोलणं तुटलं. मग रात्रीची दारू सुरू झाली.

आता तुमच्या बोर्डावर कधी न येणारी माहिती सांगते. सोरायसिस शिवल्यानं होत नाही. ताटातून नाही, टॉवेलातून नाही, शेजेतूनही नाही. शरीराची संरक्षण व्यवस्था बिथरते आणि जी त्वचा महिनाभरात बदलायची ती चार-पाच दिवसांतच बदलू लागते. शेकडो वर्षं लोकांनी त्याची महारोगाशी गल्लत केली. 1841 साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे काढले. आमच्या कँटीनपर्यंत ती बातमी अजून पोचायची आहे. 2014 साली जागतिक आरोग्य परिषदेच्या ठरावानं सोरायसिस हा दीर्घकाळ चालणारा, न पसरणारा, वेदनादायी आणि आज तरी कायमचा बरा न होणारा आजार असल्याचं मान्य केलं. जे जगातल्या कुठल्याही संशोधकाला जमलं नाही, त्याची गॅरंटी तुम्ही कशाच्या जोरावर देता?

दादाचं मधलं बोट गाजरासारखं सुजलं, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे पडले, सकाळी पाना हातात धरवेना. तुम्ही म्हणालात, वात आहे, तेल चोळा. तो सोरायसिसचा संधिवात होता. सोरायसिसच्या शंभर पेशंटांपैकी तिसांपर्यंत लोकांना तो गाठू शकतो. एकदा झिजलेला सांधा पुन्हा भरून येत नाही, म्हणून तिथं वेळेला किंमत असते. तुम्ही दादाचे पैसे घेतलेत, त्याहून महाग असा त्याचा वेळ घेतलात. 1954 च्या जादुई उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानं ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे, त्यांच्या यादीत संधिवात आहे, हे तुमच्या कानावर घालून ठेवते.

शेवटी आम्ही त्याला पुण्याला तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नखं पाहिली, सांधे दाबून पाहिले आणि मग विचारलं, "झोप लागते का? जगण्याचा कंटाळा आलाय का?" दादा म्हणाला, "संपवून टाकावंसं वाटतं." आम्ही एका घरात राहतो आणि आम्हाला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की सोरायसिसवाल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते. सततचं दुखणं, लोकांच्या नजरा आणि शरीरातला दाह, सगळे मिळून मन पोखरतात. तेव्हा मनाचा उपचार हा याच आजाराचा उपचार आहे. आज दादाची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चालू आहे, ठरल्या वेळी रक्त तपासलं जातं, समुपदेशन चालू आहे, दारू बंद आहे. चट्टे पूर्ण गेले नाहीत, पण तो पुन्हा घरच्यांत बसून जेवतो.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगते: आजार उलटला तर तो तुमचा गुन्हा नव्हे. औषधाचं नाव विचारा, चिठ्ठी मागा, आणि मन बसलं असेल तर 14416 या टेली-मानसच्या नंबरावर मराठीत बोला. फोनला पैसे पडत नाहीत.

आणि वैद्यराज, तुमच्यासाठी एक काम. गॅरंटी खरी असेल तर ती लेखी द्या. पुडीतले घटक, तुमचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही. तो कागद घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात मी स्वतः जाईन. कागद देता येत नसेल, तर बोर्ड उतरवा.

शिरवळच्या एका पेशंटची बहीण