गाडीचा परकर

गाडीला बॉडी किट बसवायचं खूळ मुलाच्या डोक्यातलं, असं मी घरात सांगितलं. मुलगा होस्टेलवर होता, त्यामुळे ते खपलंही.

गाडी म्हणजे आण्णांची १९९४ सालची मारुती ८००. पांढरी. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बारा इंची चाकं. शेजाऱ्यांच्या एसयूव्हीलगत उभी केली की तिच्या कडेवरून उतरल्यासारखी दिसते. खोक्यातून पुढच्या बंपरखाली लावायची लिप, दोन साइड स्कर्ट आणि मागचा स्पॉयलर निघाला. आई म्हणाली, "स्कर्ट म्हणजे परकरच की. या वयात?" हे तिनं गाडीला विचारलं की मला, याचा मी खुलासा मागितला नाही.

भरधाव गाडीची मागची बाजू वाऱ्यानं उचलली जाऊ नये, म्हणून स्पॉयलर. आमची गाडी सत्तरच्या पुढे गेली की डॅशबोर्डच थरथरून 'बास' म्हणतो. राहता राहिला कायदा. कंपनीच्या मूळ रचनेत असा-तसा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बजावलंय, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओचं तोंड बघावं लागतं. म्हणून मिस्त्रींना म्हटलं, सगळं बोल्टवर बसवा, चिकटवू नका. परकर काढता-घालता आला पाहिजे.

उद्यमनगरातल्या शेडमध्ये खरी गंमत कळली. फायबरचा भाग म्हणजे साच्यात आधी जेलकोट, मग काचेच्या धाग्यांची मॅट आणि त्यात मुरवलेलं रेझिन. ते कडक होताना थोडं आक्रसतं. पत्र्यासारखं ठोकून वळवता येत नाही. एक तर घासा, नाही तर मॅटचे थर देऊन वाढवा. घासताना उडणारी भुकटी कातडीवर बसली की खाज सुटते. म्हणून मिस्त्री पूर्ण बाह्यांच्या शर्टात, तोंडाला फडकं बांधून काम करत होते. मी अर्ध्या बाह्यांत मार्गदर्शन करत होतो.

उजवा स्कर्ट तासाभरात बसला. डावा काही केल्या बसेना. पुढच्या चाकामागं करंगळी जाईल एवढी फट. मिस्त्रींनी स्कर्ट घासला, फिरवला, पुन्हा लावला, फट तिथंच. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. उजव्या दाराच्या खालच्या कडेला ते टक्कन चिकटलं. डाव्या दाराला त्याच जागी लावलं, तर घरंगळून त्यांच्या चपलेवर पडलं.

"आत पुट्टी हाय," मिस्त्री म्हणाले. "चांगली बोटभर. गाडी ठोकल्याली हाय सायेब."

"आमची गाडी?" मी म्हटलं. "हिला एक ओरखडा नाही." हे वाक्य माझं नव्हे, तीस वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकलेलं. फाटकाला आरसा घासला म्हणून मी याच वाक्याखाली महिनाभर दबलो होतो.

स्टुलावर बसलेल्या आण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. परत घातला. परत काढला.

"सत्त्याण्णव साल," ते म्हणाले. "शिरोळहून येत होतो. रात्री उसाची ट्रॉली, मागं लाल दिवा नाही."

"आणि आईला?"

"तुझी आई माहेरी होती. आठ दिवसांत रंग वाळला." मग मिस्त्रींकडे वळून एकदम कामाचं बोलले, "हे बघा, पुट्टी काढू नका. फायबरच तेवढं घासून बसवा. आतलं होतं तसं राहू दे."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि ग्राइंडर चालू केला. तेवढ्यात आण्णांचा फोन वाजला. आई होती. त्यांनी हात वर करून ग्राइंडर थांबवायला लावला.

"काही नाही गं," ते म्हणाले, "सर्व्हिसिंगला आलोय."

पलीकडून काय ऐकू आलं कळलं नाही, पण आण्णांचा चेहरा पडला. फोन कानाशी तसाच धरून ते मला म्हणाले, "ती म्हणतेय, सत्त्याण्णवलाही असंच म्हणाला होतात."