‘फक्त दोनच शिल्लक’ लिहिणाऱ्या साहेबांना खुले पत्र

मा. कन्व्हर्जनतज्ज्ञ साहेब,


पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या मंठ्यातल्या धान्य-किराणा दुकानाचं ऑनलाइन स्टोअर उभं करून आपण जे गेलात, ते पैशाचा शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून आपला फोन लागत नाही. आपल्यासारख्या कामाच्या माणसाला आम्ही तरी किती त्रास द्यायचा? म्हणून उघडं पत्र. कुणीतरी पोचवेलच.

मी त्या दुकानाचा मालक नाही, हिशेब लिहितो. जालन्याच्या हॉटेलातल्या आपल्या सेमिनारला मालकांनी मलाही सोबत नेलं होतं. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. तिथं आपण सांगितलंत की 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, 2024 मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, आता पुण्या-मुंबईची माणसं ज्वारीसाठी मोबाइलवर तुटून पडतील. मग पडद्यावर नरसाळ्याचं चित्र आलं. वरून हजार माणसं पडतात, खालून शंभर गिऱ्हाईकं निघतात; बघ्याचं गिऱ्हाईक होणं, याचंच नाव कन्व्हर्जन. आमच्याकडेही वरून माणसं पडली, नाही असं नाही. जाहिरातीचे पैसे रोज कटत होते, पडणारच. खालून मात्र मालकांचा पुण्यातला साडू निघाला, आणि त्याने ऑर्डर नात्यापोटी दिली.

आता आपली कारागिरी जरा सविस्तर पाहू. दुकान उघडलं की आधी एक व्हिडिओ सुरू होतो. परदेशातलं कुठलंसं शेत, त्यात हसणारी बाई, हातात कसली तरी पानं. ज्वारी नाही, मका नाही, पानंच. हा व्हिडिओ मंठ्याच्या नेटवर्कवर उघडेपर्यंत माणूस मोंढ्यात जाऊन भाव विचारून परत येतो. मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर निम्म्याहून अधिक माणसं निघून जातात, असं गुगलने 2016 मध्येच सांगितलं होतं. पण गुगलचं काय, त्यांना कन्व्हर्जनमधलं कळतं कुठं!

व्हिडिओ संपला की आपली खरी कला सुरू. माणूस ज्वारीवर बोट ठेवतो तर समोर पाटी: आधी खातं उघडा. नाव, ईमेल, मोबाइल, जन्मतारीख, ओटीपी. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका आजोबांनी दुकानात फोन करून विचारलं, “काहो मालक, तुमच्या दुकानाची पायरी चढायला आता जन्माचा दाखला लागतो का?” अमेरिकेतले जेरेड स्पूल यांनी 2009 मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची गोष्ट लिहून ठेवली आहे. पैसे भरण्याआधी ‘नोंदणी करा’ असं एक बटण होतं. ते काढून तिथं ‘पुढे चला’ हे बटण लावलं आणि खातं उघडायची गरज नाही एवढी एक ओळ टाकली. स्पूल सांगतात की खरेदी करणारे 45 टक्क्यांनी वाढले आणि पहिल्याच वर्षी 30 कोटी डॉलरची जादा विक्री झाली. आपण मात्र बरोबर उलट्या दिशेने निघालात. स्वतंत्र विचारांचा माणूस असाच चालतो.

त्यातूनही कुणी चिवट माणूस आत शिरलाच, तर त्याच्या डोक्यावर लाल घड्याळ टिकटिकू लागतं. दहा मिनिटांत ऑफर संपणार. पान पुन्हा उघडलं की पुन्हा दहा मिनिटं. ही ऑफर आजवर एकदाही संपलेली नाही. खाली ‘फक्त दोनच शिल्लक’. साहेब, गोदामात थप्पी छताला लागलेली आहे. साठ्याची वही मीच लिहितो. आणि ‘आत्ता 17 जण हे पाहत आहेत’ ही ओळ तर मी रात्री गावची लाइट गेलेली असताना वाचली. सतराच्या सतरा जण तिथंच होते, अंधारात, आमची तूरडाळ न्याहाळत. ते कोण, हे मी आपल्याकडे कामाला असलेल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, आकडा आपोआप बदलतो. मग मी गप्प बसलो.

नको म्हणायचं तर बटण आहे आणि त्यावर लिहिलंय: ‘नको, मला घरच्यांच्या तब्येतीची काळजी नाही.’ आमच्या मालकांनी चाळीस रुपयांच्या उधारीपायी कुणाला असं बोललेलं मी ऐकलेलं नाही, आणि उधारीच्या बाबतीत ते काही साधुसंत नाहीत.

शेवटच्या पानावर टोपलीत आपोआप ‘सुरक्षित पॅकिंग विमा’ जमा होतो. हा विमा कुठल्या कंपनीचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझ्या वहीत तर त्याचं खातंच नाही. आणि पैसे भरायच्या अगदी आधी कुरिअरचा आकडा दिसतो, पाच किलो ज्वारीवर जवळपास ज्वारीच्या निम्म्या किमतीइतका. ज्वारी जड, स्वस्त माल. तो दूर पाठवायचा तर वाहतूक पैसे खातेच, त्यात आपला दोष नाही. दोष हा की हा आकडा शेवटच्या पायरीपर्यंत झाकून ठेवला. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं हेच मोजत आली आहे. टोपलीत माल टाकलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के माणसं पैसे न भरताच जातात, आणि त्यामागचं पहिलं कारण म्हणजे ऐनवेळी समोर येणारा वरचा खर्च. बाजारात भाव आधी सांगतात, हमाली आधी सांगतात. मोजून झाल्यावर सांगितली तर भांडण होतं.

या युक्त्यांना इंग्लंडच्या हॅरी ब्रिगनल यांनी 2010 मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढून असे 13 प्रकार रोखले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप माल टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, किंमत थेंबाथेंबाने उघडी करणं, हे सगळं त्या यादीत आहे. आपण एवढ्याशा दुकानात यातले चार बसवलेत आणि त्याचे वेगळे पैसे ‘प्रीमियम पॅकेज’ म्हणून घेतलेत. बिल माझ्याकडे आहे. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली, तर कागदावर नाव दुकानाचं येणार. आपलं नाव त्या पानावर कुठंच नाही, एवढी दक्षता मात्र आपण घेतलीत.

दुकानाचंही फारसं नाही म्हणा. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की पत्ता द्या, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव नि हुद्दा द्या, त्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा. आपण पत्त्याच्या जागी नमुन्यातला लॅटिन मजकूर तसाच ठेवलात. अन्नपदार्थ विकतो तर एफएसएसएआयचा नंबर दिसायला हवा, तोही नाही. पण तूरडाळ, शेंगदाणे, गूळ अशा सगळ्यांवर भौगोलिक मानांकनाचा शिक्का आहे! तो शिक्का ज्या मालाला मिळाला त्यालाच लागतो, आणि तोही नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यानेच लावायचा असतो. 1999 च्या कायद्यात तशी सोय आहे. शिवाय ‘ऑरगॅनिक’. त्याला प्रमाणपत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. मालकांनी तेव्हाच विचारलं होतं. आपण म्हणालात, “सगळेच लिहितात.”

आणि जे लिहायला हवं होतं ते? ज्वारी घेणारी बाई काय विचारते, हे आपण मंठ्याच्या बाजारात तासभर उभे राहिला असतात तरी कळलं असतं. नवी की जुनी? कुठल्या शिवारातली? भाकरी फुगते का? पीठ असेल तर दळण कधीचं, कारण विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच तुटते. ती दाणा दाताखाली धरून बघते. मोबाइलवर दात लावता येत नाही, म्हणून तिथं दिवसाच्या उजेडात काढलेला दाण्याचा जवळून फोटो हवा, दळल्याची तारीख हवी, पिनकोड टाकला की कुरिअरसकट भाव हवा, आणि एक फोन नंबर हवा जो माणूस उचलतो. आपण दिलंत काय, तर ‘ग्लुटेन-फ्री सुपरफूड’, तेही इंग्रजीत. मालाबद्दल पूर्ण दुकानात एक मराठी ओळ नाही. घेणारी माणसं आमची, म्हणजे कामाधंद्यासाठी परतूरला रेल्वेत बसून पुण्या-मुंबईला गेलेली. गावाकडची ज्वारी खायची म्हणूनच ती येतात, सुपरफूड खायला नाही.

माल हातात पडल्यावर पैसे, ही सोयही आपण काढून टाकलीत. माल परत आला तर दोन्हीकडचं भाडं दुकानाला बसतं, हे आपलं म्हणणं खरं आहे. फ्लिपकार्टने 2010 मध्ये ही सोय सुरू केली, तेव्हाही परत येणाऱ्या मालाची भीती होतीच. ऑर्डर आली की फोन करून खात्री करायची, मग माल पाठवायचा, एवढं तर दुकानातला पोऱ्याही करू शकतो. पण पहिल्यांदा घेणाऱ्याने अनोळखी दुकानाला आधी पैसे का द्यावेत? आपल्याला आम्ही आधी दिले, त्याचं काय झालं, हे तर आपण जाणताच.

सध्याची परिस्थिती कळवतो. मालकांच्या सुनेने व्हॉट्सॲपवर मालाची यादी टाकली. फोटो गोदामाच्या दारात काढलेले, भाव कुरिअरसकट, दळण कोणत्या दिवशी होणार ते वर लिहिलेलं. पैसे यूपीआयने किंवा माल पोचल्यावर. घड्याळ नाही. वहीत आता त्याचं वेगळं पान आहे आणि ते भरतंय, सावकाश. ज्यांनी एकदा ज्वारी घेतली ते पुन्हा मागवतात. आपल्या नरसाळ्यात पुन्हा येणाऱ्याला जागाच नव्हती.

तेव्हा आता मुद्द्याचं. दुकानाच्या नावाचं डोमेन आपण स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलंत आणि नूतनीकरणाचे पैसे आमच्याकडून घेता. घड्याळ, सतरा भुतं, पानं घेऊन हसणारी बाई, सगळं आपल्यालाच ठेवा. डोमेन मालकांच्या नावावर करा आणि हस्तांतराचा कोड त्यांच्या ईमेलवर पाठवा. तोवर नूतनीकरणाचे पुढचे पैसे निघणार नाहीत. वही माझ्याकडे आहे.

आणि मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या ज्या दुकानदारांना अशाच सेमिनारचं आमंत्रण आलं असेल, त्यांनी जेवून यावं. सही करण्याआधी मात्र डोमेन आणि पेमेंटचं खातं कोणाच्या नावावर उघडतंय, ते कागदावर लिहून घ्यावं.

आपला,
दुकानाचा हिशेबनीस, मंठा