मास्तरांच्या सुनेने बुवांना काय विचारलं?

“अगं, ऐकलंस का?”

आक्कांनी कुंपणावर दोन्ही कोपर टेकले की समजावं, बातमी मोठी आहे. किरकोळ बातमीला एकच कोपर असतो.

“अष्टमीच्या कीर्तनाला आली नाहीस, चुकलीस. बुवा रंगात आले होते. म्हणाले, समुद्रात द्वारका सापडली, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, आता कृष्ण झाला का म्हणून विचारणाऱ्यांनी तोंड मिटावं! टाळ्या पडल्या. सुंठवडा वाटताना ही मास्तरांची सून बुवांना विचारते, ‘सिद्ध झालं म्हणजे नेमकं काय सापडलं?’ हळूच विचारलं गं तिने, पण बुवांच्या गळ्यातला माइक चालूच होता. सगळ्या मंडपाने ऐकलं.”

“मग मास्तरीणबाई?”

“पदर तोंडाला लावून खाली बघत बसल्या. तेव्हापासून गावभर सांगतायत, सून डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलीय, देवधर्म कसला मानतेय! आणि गंमत सांगू? अष्टमीचा उपास घरात तिने एकटीने केला. सासूबाईंनी पित्ताचं निमित्त काढून संध्याकाळीच साबुदाण्यावर भागवलं.”

एवढ्यात खुद्द सूनच वाटी घेऊन आली. आमच्या दारात कढीपत्ता आहे, त्यामुळे आळीतल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला आपोआप कळतात.

“ये गं ये,” आक्का म्हणाल्या, “तुझंच चाललंय. मलाही सांग, काय सापडलं?”

तिने वाटी कुंपणावर ठेवली. “आक्का, द्वारकेत जमिनीवर १९६३ साली आमच्याच डेक्कन कॉलेजच्या सांकळियांनी उत्खनन केलं. समुद्रातलं काम नंतरचं. १९८०च्या दशकात गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतून एस. आर. राव आणि त्यांचे पाणबुडे तिथे उतरले. घडीव दगडांच्या बांधकामाचे अवशेष मिळाले, भोकं पाडलेले दगडी नांगर मिळाले. रावांचं मत पडलं की ही कृष्णाचीच द्वारका. पण तसले नांगर पश्चिम किनाऱ्यावर कितीतरी शतकं वापरात होते. पुढच्या अभ्यासकांनी त्यातलं बरंचसं खूप नंतरच्या काळातलं ठरवलं. तिथे बंदर होतं, यात शंका नाही. कोणाचं, ते काही त्या दगडांवर लिहिलेलं नाही.”

“म्हणजे कृष्ण झालाच नाही म्हण ना सरळ!”

“तेही कशाच्या जोरावर म्हणू, आक्का?”

आक्का जरा घुटमळल्या, पण हार मानणाऱ्यातल्या नव्हेत. “पंचांगात कलियुगाची वर्षं मोजलेली असतात की! ती काय कोणी झोपेत मोजली?”

“मोजली आहेत, पण सगळ्यांची बेरीज एक येत नाही. ऐहोळेला रविकीर्तीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४चा. त्यात भारतीय युद्धाला ३७३५ वर्षं झाली असं आहे. म्हणजे युद्ध इसवी सनापूर्वी ३१०२च्या सुमाराला. वराहमिहिराचा हिशोब धरला तर युधिष्ठिर या सालाच्या साडेसहाशे वर्षं अलीकडे येतो. आणि हस्तिनापुरात १९५० ते ५२ बी. बी. लाल यांनी खणलं, तिथे राखी रंगाची, वर काळी नक्षी असलेली भांडी मिळाली. पांडवांचा काळ ते याच थराशी जोडत होते. तो इसवी सनापूर्वी एक हजारच्या आगेमागे.”

“आणि राजवाडा?”

“कुडामातीच्या भिंती.”

आक्कांचा चेहरा पडला. टीव्हीवरचं हस्तिनापूर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. सुनेच्या लक्षात आलं. “पण एक आहे हं आक्का. पुराणात येतं की निचक्षु राजाच्या वेळी गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि राजधानी कौशांबीला गेली. लालांना त्या वस्तीवर पुराच्या खुणा मिळाल्या.”

“बघ!”

“पूर आला एवढं बघितलं. निचक्षु नाही दिसला.”

मला राहवेना. मी म्हटलं, “आक्का, हस्तिनापूर लांब राहिलं, पुण्यात काय केलंय ते ऐका. भांडारकर संस्थेत १९१९ पासून पंडित मंडळी महाभारताच्या हस्तलिखितांचा ढीग घेऊन बसली. काश्मीरची पोथी, केरळची पोथी, बंगालची, नेवारी लिपीतली, सगळ्यांचा ओळीला ओळ लावून ताळा. सुकथनकरांनी त्यात आयुष्य घातलं. काम संपलं १९६६ला. जुन्या नि वेगवेगळ्या प्रांतांतल्या पोथ्यांचा आधार मिळाला ते मुख्य संहितेत ठेवलं, बाकीचं तळटीपेत किंवा परिशिष्टात.”

“बरं मग?”

मी जरा चाचरलेच. सुनेनेच सांगून टाकलं. “वस्त्रहरणात द्रौपदी कृष्णाचा धावा करते ना, तो त्या मुख्य संहितेत नाही. तिथे लुगडं फेडलं की आतून दुसरं निघतं, बस्स. धावा तळटीपेत गेलाय.”

आक्का क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी रडत्येय ती तळटीपेसाठी?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडची खिडकी उघडली गेली. आक्का मात्र हसल्या नाहीत. “हसा. पण ती तळटीप घातली कोणी? कोणाला तरी वाटलंच ना, बाई एवढी अडकल्ये, आता देवाने यायलाच हवं! त्याचंही काही मोल असेल की नाही?”

“आहे ना,” सून पटकन म्हणाली. “म्हणून तर पंडितांनी ते फेकलं नाही, छापून ठेवलं. आणि आक्का, तुम्ही नाणेघाटात गेला होता ना?”

“गेल्ये होते महिला मंडळाबरोबर. पाऊस, धुकं आणि भजी.”

“तिथल्या लेण्यात भिंतभर ब्राह्मी लेख आहे. सातवाहनांच्या नागनिका राणीचा. दोन हजार वर्षं तरी झाली त्याला. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, नाणी किती दिली, सगळी यादी आहे. पण सुरुवातीला देवांना नमस्कार. धर्माला, इंद्राला, मग संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. संकर्षण म्हणजे बलराम, वासुदेव म्हणजे आपला कृष्ण.”

“आपल्या जुन्नरच्या घाटात? आणि मी भजी खात बसले!”

“त्याच्याही आधीचा विदिशेजवळ बेसनगरला एक खांब आहे. तक्षशिलेच्या यवन राजाचा वकील हेलिओडोरस, त्याने वासुदेवाचा गरुडध्वज म्हणून उभारलेला. स्वतःला तो भागवत म्हणवतो. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून पूजत आले. १८७७ साली पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे जाऊन खांब बघून परत आला, पण शेंदराचे थर इतके चढलेले की खाली लेख आहे हे कळलंच नाही. १९०९ साली शेंदूर काढला तेव्हा अक्षरं दिसली.”

“म्हणजे भक्तांनी लेख झाकला.”

“आणि खांबाला कोणी हातही लावला नाही, तोही भक्तांमुळेच. पण आक्का, नाणेघाट घ्या नाहीतर तो खांब, नमस्कार करणारा कोण होता ते दगड सांगतात. ज्याला नमस्कार केला तो कधी जन्मला, कुठे राहिला, ते त्यांना विचारून उपयोग नाही. मी बुवांना एवढंच विचारणार होते.”

आक्कांनी कुंपणावरचे कोपर काढले, पदर खोचला. आता निकाल लागणार हे मी ओळखलं.

“हे बघ, चूक बुवांचीच. आमच्या सासूबाई पहाटे उठून हरिपाठ म्हणायच्या, त्यांनी कधी समुद्राचा दाखला मागितला नाही. बुवांनी देवाला पाणबुड्यांच्या जामिनावर सोडवून आणलंय. उद्या दुसरा पाणबुडा वर येऊन म्हणाला, तो दगड हजार वर्षांपूर्वीचाच, तर मी काय उपास सोडायचा? तुमचं खणणं तुम्ही खणा, वयं काढा, चुकलं तर पुन्हा काढा. माझा कृष्ण त्यात साक्षीला ओढू नका, आणि माझ्या कृष्णासाठी तुमच्या दगडांना खोटं बोलायला लावू नका.”

“आक्का, हे माइकवर बोला पुढच्या अष्टमीला.”

“बोलेन की. आधी मला तो नाणेघाट दाखव. आणि चालताना ते कडेकडेचं सांगू नकोस, घाबरते मी.”

तेवढ्यात पलीकडून मास्तरीणबाईंचा आवाज आला, “कढीपत्ता आणायला जुन्नरच्या बाजारात गेलीय का ही? फोडणी करपली!”

“पाठवत्ये हो!” आक्का खणखणीत ओरडल्या. “तुमच्या सुनेला जरा महाभारत समजावून सांगत होते!”