येऊ द्या, येऊ द्या!

मोटार चालवण्याचा परवाना देण्याआधी उमेदवाराला काय काय येतं हे कसं तपासावं, याची लांबलचक यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात आहे. आरसा नीट लावणं, वेळेवर इशारा देणं, अचानक प्रसंग आला तर गाडी आवरणं वगैरे. या गर्दीत एक कलम अंग चोरून बसलं आहे. उमेदवाराने गाडी उलटी चालवावी आणि डावीकडच्या किंवा उजवीकडच्या अरुंद जागेत ती ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूकपणे मागे घ्यावी, असं ते म्हणतं. बऱ्यापैकी म्हणजे किती, हे ठरवण्याचं काम कायद्याने बहुधा भिंतीवर सोपवलं आहे. माझं म्हणणं असं की मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर गाडी चालवायची असेल, तर परीक्षा या एका कलमाचीच असते. बाकीची कलमं येत नसतील तरी इथे निभावून जातं. हे येत नसेल तर माणूस जागचा हलत नाही, आणि त्याच्या मागचे आठजणही हलत नाहीत.

पुरावा रस्त्याच्या रुंदीतच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. सुमारे बावीस किलोमीटर लांब, जाणाऱ्याला तीन मार्गिका आणि येणाऱ्याला तीन. त्याआधी मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं आणणारी रो-रो बोट आहेच. म्हणजे मुंबईची गाडी रायगडात कशी पोचवायची, या प्रश्नावर पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्च झाली. पोचलेली गाडी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये काय करते, हा प्रश्न मात्र नागाव, आक्षी, चौलच्या वाड्यांवर सोडून दिला आहे. या गल्ल्या बैलगाडी आणि डोक्यावर पाटी घेतलेलं माणूस यांच्या मापाने पडल्या. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, त्यांच्यापलीकडे नारळी-पोफळी, आणि वळण नेमकं तिथे, जिथे कुणाच्या तरी आजोबांनी विहीर बांधली. रेवदंड्याला तर रस्ता पोर्तुगीजांच्या कोटातूनच जातो, आणि तो कोट बांधणाऱ्यांचा उद्देश येणाऱ्याची सोय करणं हा नव्हता. कोर्लईला दीपगृहाकडे जायचं तर गावातून जावं लागतं, आणि समोरून दुसरी गाडी आली की गप्पा मारायला भरपूर वेळ मिळतो.

आता अशा गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे कुणी जायचं? घाटासाठी कायद्याकडे उत्तर आहे: चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, उतरणाऱ्याने थांबावं. किनाऱ्यावरची गल्ली मात्र सपाट असते, तिथे चढतं कोण आणि उतरतं कोण? म्हणून तिथे रूढी चालते. एसटी मागे जात नाही. तिने जावं असं सुचवण्याची कुणाची टाप नाही. मासळीचा टेम्पो मागे जात नाही, कारण बर्फ वितळतो. मिनीडोर मागे जात नाही, कारण आत दहा माणसं आहेत आणि त्यातल्या निदान चौघांना दवाखान्यात नंबर लावायचा असतो. राहता राहिली शनिवारी सकाळी आलेली, पांढरीशुभ्र, टपावर सायकली बांधलेली पाहुण्यांची गाडी. रूढीप्रमाणे मागे जायचा मान तिचा. आणि सगळ्या गल्लीत ज्याला मागे जाता येत नाही असा माणूस नेमका तिच्यात बसलेला असतो. मंत्रालयापासून नागावपर्यंत त्याचं कुठेही अडलेलं नसतं. त्याचं ड्रायव्हिंग वाईट नसतं, फक्त एकाच दिशेचं असतं.

त्याची बाजू समजून घ्यायची तर उलट्या गाडीचं यंत्रशास्त्र थोडं बघावं लागेल. पुढे जाताना वळणारी चाकं आघाडीला असतात आणि मागची चाकं त्यांच्या मागून, जराशी आतून, मुकाट येतात. उलटं जाताना न वळणारी चाकं पुढारी होतात आणि ज्यांना वळता येतं ती शेपटाला राहतात; पुष्कळ ग्रामपंचायतींचा कारभार याच पद्धतीने चालतो. डावीकडच्या गल्लीत मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीचा पार्श्वभाग डावीकडे शिरतो, हे सगळ्यांना दिसतं. त्याच क्षणी गाडीचं नाक उजवीकडे फेकलं जातं, हे कुणाला दिसत नाही, कारण सगळे मागे बघत असतात. कोपऱ्याला गाडी घासल्याचं भांडण त्यामुळे मागच्या भिंतीवरून सुरू होतं आणि पोचा पुढच्या बंपरला सापडतो. शिवाय आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे डावीकडचा कोपरा त्याच्यापासून गाडीत शक्य तितका दूर. मागचं डावं चाक कोपऱ्याशी येईपर्यंत धीर धरायचा आणि मग वळवायचं, ही सगळी विद्या. लवकर वळवलं तर दार गडग्याला भिडतं, उशीर केला तर डिकी समोरच्याच्या तुळशीवृंदावनाकडे निघते.

यापेक्षा मोठी फसवणूक स्टेअरिंग करतं. पुढच्या चाकांची बैठक अशी तिरकी ठेवलेली असते की पुढे जाताना वळण संपलं की स्टेअरिंग हातातून सरकत आपोआप सरळ होतं. वर्षानुवर्षं माणसाला वाटत राहतं की गाडी आपणच सरळ केली. उलट्या दिशेला ही सवलत नाही. तिथे चाकं सरळ व्हायला बघत नाहीत, उलट आणखी वळायला बघतात. फिरवलेलं जितकं, तितकं स्वतःच परत आणावं लागतं, आणि तेही वळण पूर्ण होण्याच्या जरा आधी. पाहुणा ते आणत नाही. तो वाट बघत बसतो, आणि गाडी गोल फिरत विहिरीच्या दर्शनाला जाते. त्यात रिव्हर्सचा आवाजही धीर खचवणारा. पुष्कळ गाड्यांत पुढच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात म्हणून ते गुपचूप चालतात. रिव्हर्सचे सरळ असतात म्हणून तो कण्हतो. आपण काहीतरी भलतं करतो आहोत अशी खात्री पटायला तेवढं पुरतं.

हे शिकवत नाहीत असं म्हणायला कागदावर जागा नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात मागे घेणं आहे, उलट्या गिअरमध्ये स्टेअरिंग वळवणं आहे, इंग्रजी ‘एस’ अक्षरासारख्या वळणातून मागे जाणं आहे आणि नेहमी होणाऱ्या चुका हाही त्यातलाच एक भाग आहे. तेवढा एक भाग सर्वत्र पूर्ण शिकून होतो. खाजगी गाडीसाठी निदान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष दहा तास चालवणं, असं नियम सांगतो. पण स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. शिकणाऱ्याला वाटतं की हाफ क्लचवर गाडी आपण तोलली. ती तोललेली असते शेजारच्या चपलेने. आणि शिकायचं कुठे, तर मोकळ्या मैदानावर, जिथे चुकीची किंमत म्हणजे आडवा पडलेला एखादा प्लॅस्टिकचा शंकू. शंकू उभा करता येतो. जांभ्याचा चिरा ढासळला तर वाडीचा मालक, त्याचा भाऊ आणि त्यांच्यातला जुना हिस्सेवाटपाचा वाद हे तिन्ही एकदम उभे राहतात.

यावर सुशिक्षित आक्षेप विलायतेतून येतो. ज्या ब्रिटनमध्ये १९३५ साली परीक्षा सक्तीची झाली आणि जिथे कोपऱ्याभोवती गाडी मागे घेण्याने उमेदवारांच्या कित्येक पिढ्या घामाघूम केल्या, त्या ब्रिटनने ४ डिसेंबर २०१७ पासून हा प्रकार परीक्षेतून काढून टाकला. त्याऐवजी आखलेल्या जागेत गाडी लावणं वगैरे आलं, आणि दिशादर्शक यंत्राच्या सांगण्यावरून चालवता येतं का, तेही बघू लागले. त्यांचा हिशेब साधा होता: निवांत गल्लीत हा खेळ करण्यात वेळ जातो, तोच वर्दळीच्या रस्त्यावर उमेदवाराला बघण्यात घालवावा. तिथल्यासाठी हे मला पटतं. पण हा निर्णय आपल्याकडे आणायचा तर आधी निवांत गल्ली आणावी लागेल. आपली गल्ली हीच वर्दळ आहे. तिच्यात कोंबडी, बारशाला निघालेलं कुटुंब आणि एसटी एकाच वेळी असतात. शिवाय खुद्द ब्रिटनमध्येही डेव्हन आणि कॉर्नवॉलकडे झाडोऱ्यात बुडालेल्या एकेरी वाटा आहेत, आणि लंडनहून सुट्टीला आलेली मंडळी तिथे समोरासमोर आली की काय होतं, हे नागावच्या कुठल्याही माणसाला तिकिटाचा खर्च न करता सांगता येईल.

दुसरा आक्षेप यंत्राचा. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले, वरच्या किमतीत कॅमेराही मिळतो. मग मान वळवण्याची विद्या हवी कशाला? सेन्सर वाईट नाही, लहान मूल मागे असेल तर तो वाचवतो, आणि त्यासाठी तो असावाच. पण तो बोंबलतो कशावर, हे बघा. अडथळा जवळ आला की टीं टीं करायचं, एवढंच त्याला ठाऊक. नागावच्या गल्लीत अडथळा कधी लांब नसतोच. गडगा, गवत, वाळत घातलेली जाळी, कुत्रं, पुन्हा गडगा. शेवटी तो एकच लांब सूर धरतो आणि चालक रेडिओचा आवाज वाढवतो. कॅमेरा पार्श्वभाग दाखवतो, पण फेकलं जाणारं नाक त्याला दिसत नाही; आणि जुलैत मुरूडच्या पावसात त्याच्या काचेवर चिखल बसला की पडद्यावर जे दिसतं ते खाडीचं चित्र असावं इतपत अंदाज येतो.

तिसरा आक्षेप जास्त दमदार आहे, कारण तो माणुसकीवर उभा आहे. आपल्याकडे गाडी मागे घेणारा एकटा नसतोच, असं त्याचं म्हणणं. खरं आहे. रिव्हर्सचा दिवा लागला की आजवर कुठेच नसलेली माणसं प्रकट होतात आणि हात हलवू लागतात. येऊ द्या, येऊ द्या. काट मारा. अजून काट. आता सरळ. बस्स! एसटीचा कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थाप मारायचा, त्याची ही लोकशाही आवृत्ती. फरक इतकाच की कंडक्टर एक होता आणि त्याला ती गाडी संध्याकाळी डेपोत परत न्यायची होती. इथे तिघे असतात. एक मागच्या चाकाकडे बघून बोलतो, दुसरा समोरच्या मिनीडोरवाल्याच्या सोयीने, आणि तिसऱ्याला स्वतः गाडी चालवता येत नाही, म्हणून त्याचा आवाज सगळ्यात मोठा. तिघांचं ‘डावीकडे’ वेगवेगळं, कारण दोघे गाडीकडे तोंड करून उभे आहेत आणि एक पाठ करून. शिवाय ‘येऊ द्या’ आणि ‘बस्स’ यांच्यामध्ये इशारा नावाची गोष्टच नसते. बहुतेकदा ‘बस्स’ हे झालेल्या घटनेचं वृत्त असतं. मदत घ्यावीच, पण ज्याला मुळात मागे घेता येतं त्यालाच या तिघांपैकी कुणाचं ऐकायचं ते कळतं.

रस्ते रुंद होतील, मग हा वादच मिटेल, असंही काही आशावादी म्हणतात. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळातली, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. यापुढे मी काही बोलत नाही. रुंद झाले तरी ते महामार्ग होतील; आक्षीच्या वाडीतली वाट रुंद करायची तर पोफळींच्या दोन रांगा कापाव्या लागतील, आणि पोफळी कापायला लावणारा पुढारी अजून जन्मायचा आहे.

आणखी एक आक्षेप कायद्याचा आहे आणि तो मला मान्य आहे: मागे जाणं हे धोक्याचं काम आहे, ते इतकं शिकवून त्याची चटक का लावायची? रस्त्याचे नियमही सांगत आले आहेत की कुणाला धोका किंवा जाच होणार नाही याची खात्री करूनच मागे जावं, आणि गरजेपेक्षा जास्त जाऊ नये. पण आजची परिस्थिती बघा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बाहेर पडायचा फाटा हुकला की शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर निर्धास्त मागे येणारे महाभाग आहेत. तेच महाभाग कोर्लईत दोन गाड्यांच्या लांबीइतकं मागे जायला सांगितलं की काच वर करून बसतात. म्हणजे जिथे मागे जाणं गुन्हा आहे तिथे येतं आणि जिथे सौजन्य आहे तिथे येत नाही. हा कौशल्याचा अतिरेक नव्हे. वेग, अंतर, मागचं चाक यांचा ज्याने कधी विचारच केला नाही, त्यालाच द्रुतगतीवर हे धाडस होतं. ज्याने एकदा कोपऱ्याभोवती गाडी नीट मागे घेतली, त्याला मागे काय काय असू शकतं याची धास्ती कायमची बसते. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेशवीच्या फेरीबोटीवर गाडी चढवणाऱ्यांना ही धास्ती चांगली ठाऊक आहे. बोटीला एकाच बाजूने फळी असेल तर चढताना नाहीतर उतरताना, एकदा तरी उलटं जावंच लागतं, आणि तिथे ‘बस्स’ ऐकायला उशीर झाला तर खाली खाडी आहे.

तेव्हा सूचना अशी. या किनाऱ्यावरच्या उमेदवाराची चाचणी मैदानावर न घेता मे महिन्यातल्या शनिवारी, सकाळी अकराला, नागावच्या एखाद्या आळीत घ्यावी. भिंत खरी असावी, समोर मिनीडोर असावी, ‘येऊ द्या’ म्हणणारे तिघे गावातूनच मिळतील, त्यांना मानधन लागत नाही. गडग्याला न लागता, काच खाली ठेवून, मिनीडोरवाल्याला हात करून जो कोपऱ्यात मागे शिरेल तो पास. अडचण एकच दिसते. परीक्षक आधी आळीत शिरणार, त्यांच्या मागे उमेदवारांची रांग लागणार, समोर मिनीडोर उभी, आणि मागे घ्यायचा कोपरा तर रांगेच्याही पलीकडे राहिला. म्हणजे चाचणी सुरू व्हायची तर शेवटच्या उमेदवाराला आधीच गाडी मागे घेता यायला हवी.